आसनावांचून आचार्य : जुर्जी झैदान

ऐतिहासिक कादंबरी ही आमच्या विद्यार्थ्यांच्या विशेष आवडीची वस्तु आहे. इतिहासाचें क्रमिक पुस्तक ज्याच्या हातून वारंवार गळून पडतें, तोच मुलगा ऐतिहासिक कादंबरी मिळाली म्हणजे निजावयाची वेळ टळून गेली तरी ती खालीं ठेवीत नाहीं, हा अनुभव पालकांस नवा नाहीं. या साध्या गोष्टींतील मर्म ओळखून ज्यांनीं अरबी वाचकांना त्यांचा मध्ययुगीन इतिहास कादंबऱ्यांच्या द्वारें शिकविला, त्या जुर्जी झैदान यांचें चरित्र आम्ही या वार्षिकांत देत आहों. झैदान हे जन्मानें सीरियन, पण त्यांची कर्मभूमि इजिप्त; धर्मानें ख्रिस्ती, पण त्यांच्या अभ्यासाचा विषय इस्लामी इतिहास; योग्यतेनें प्राध्यापक, पण विद्यापीठांतील आसन त्यांना एक दिवसही लाभलें नाहीं. विद्यामंदिराचें दार त्यांच्यापुढें दोन वेळां लागलें, आणि दोन्ही वेळां त्यांनीं आपली शाळा बाहेर, लोकांमध्यें भरविली. हेंच त्यांच्या चरित्राचें सार होय.

जुर्जीचा जन्म १४ डिसेंबर १८६१ रोजीं बैरूत शहरीं झाला. बैरूत ही आज लेबनॉन देशाची राजधानी आहे. त्या काळीं तो सारा मुलूख सीरिया या नांवानें ओळखला जाई व त्यावर तुर्कस्तानच्या सुलतानाचा अंमल होता. जुर्जीचे वडील हबीब हे निरक्षर असून शहरांत एक खाणावळ चालवीत. घरची स्थिति बेताची. खाणावळीचा जमाखर्च लिहावयास घरचें कोणी तरी हवें, एवढ्याचसाठीं वडिलांना मुलाच्या शिक्षणाचें महत्त्व वाटे; अक्षर आलें, हिशेब मांडतां आला, म्हणजे विद्या पुरी झाली, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्यामुळें लहानसहान शाळांतून थोडें अरबी वाचन आणि थोडी फ्रेंच भाषा पदरांत पडते न पडते तोंच, वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास, जुर्जीला शाळा सोडून खाणावळींत उभें राहावें लागलें. तेथें येणाऱ्या रिकामटेकड्या मंडळींची संगत मुलाला लागेल या भीतीनें आईनें त्यास जोडे शिवण्याचा धंदा शिकावयास घातलें. सुमारें दोन वर्षें त्यानें तो धंदा केला. परंतु एके जागीं वांकून बसण्यानें प्रकृति बिघडूं लागली, तेव्हां स्वारी पुन्हां खाणावळींत परतली.

पुष्कळ मुलांच्या शिक्षणाचा शेवट अशा ठिकाणीं होतो. जुर्जीच्या शिक्षणाचा खरा आरंभ मात्र येथूनच झाला. दिवसां गिऱ्हाइकांना वाढावें, हिशेब लिहावा, आणि रात्रीं पुस्तक उघडावें, असा त्याचा क्रम सुरू झाला. रात्रीच्या एका शाळेंत जाऊन त्यानें इंग्रजीचा अभ्यास आरंभिला. खाणावळींत जेवावयास येणाऱ्यांत सीरियन प्रॉटेस्टंट कॉलेजांतील विद्यार्थीही असत. त्यांचें बोलणें कानीं पडून आपल्यालाही त्या जगांत प्रवेश मिळावा अशी उत्कंठा त्याच्या मनांत उत्पन्न झाली. पुढें १८८० सालीं सॅम्युअल स्माइल्स या स्कॉटिश लेखकाच्या स्वावलंबनावरील प्रसिद्ध ग्रंथाचें याकूब सर्रूफ यांनीं केलेलें अरबी भाषांतर प्रसिद्ध झालें. हीन स्थितींतून स्वकष्टानें वर आलेल्या माणसांच्या त्यांतील कथा वाचून झैदान यांच्या मनानें उचल खाल्ली. त्यांनीं वैद्यक शिकण्याचा निश्चय केला. प्रवेशपरीक्षेस गणित व सृष्टिशास्त्र हे विषय होते, आणि ते त्यांना शाळेंत मुळींच मिळाले नव्हते. तरी थोड्याच महिन्यांत खाजगी अभ्यास करून ते परीक्षेस उतरले व १८८१ सालीं कॉलेजच्या वैद्यक शाखेंत दाखल झाले.

हें कॉलेज अमेरिकन मिशनरींनीं १८६६ सालीं स्थापन केलें होतें. १९२० पासून तें बैरूतचें अमेरिकन विद्यापीठ या नांवानें प्रसिद्ध आहे. झैदान तेथें रमले होते. परंतु दुसऱ्याच वर्षीं एक वादळ उठलें. जुलै १८८२ मधील पदवीदान समारंभांत रसायनशास्त्राचे प्राध्यापक एडविन लुइस यांनीं केलेल्या भाषणांत, त्याच वर्षीं निवर्तलेल्या चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाचा गौरवानें उल्लेख केला. संस्थेच्या चालकांस तो उल्लेख धर्मश्रद्धेला बाधक वाटला. प्रकरण वाढत गेलें व डिसेंबरांत लुइस यांना आपली जागा सोडावी लागली. आवडत्या शिक्षकावर अन्याय झाला असें वैद्यक शाखेच्या विद्यार्थ्यांना वाटलें. त्यांनीं अर्ज केले, वर्गावर जाणें बंद केलें. चालकांनीं विद्यार्थ्यांना कॉलेजांतून कांहीं काळ दूर केलें व परत यावयाचें असल्यास माफी मागावी अशी अट घातली. कांहीं विद्यार्थी माफी मागून परत गेले. झैदान परत गेले नाहींत.

आमची शाळाही मिशनरींनींच स्थापिलेली आहे. हा प्रसंग वगळून हें चरित्र आम्हांस लिहितां आलें असतें. परंतु मग तें चरित्र खरें झालें नसतें. शिवाय या प्रसंगाची दुसरीही एक बाजू आहे. अरबी भाषेंत बायबलचें भाषांतर पुरें करणारे डॉक्टर कॉर्नेलिअस व्हॅन डाइक हे स्वतः मिशनरी होते व याच कॉलेजांत शिकवीत होते; लुइस यांना मिळालेल्या वागणुकीचा निषेध म्हणून त्यांनींही आपल्या जागेचा राजीनामा दिला. तेव्हां ज्या मंडळींनीं दार लावलें, त्याच मंडळींत तें लावूं नये म्हणून आपली जागा सोडणारा वृद्ध गुरूही होता, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. झैदान यांनीं तें ध्यानांत ठेवलें असावें; कारण पुढें त्यांनीं आपला मुलगा एमिल यास शिक्षणासाठीं त्याच कॉलेजांत पाठविलें.

वैद्यकाचा अभ्यास पुरा करावा या हेतूनें, उसनवारीच्या पैशांवर, १८८३ सालीं झैदान इजिप्तला गेले. पण कैरो येथील वैद्यकशाळेचा अभ्यासक्रम लांबलचक होता. तेवढा काळ काढण्याइतकें द्रव्य जवळ नव्हतें. त्यांनीं वैद्यकाचा नाद सोडला व एका अरबी दैनिकांत लेखकाची नोकरी धरली. दुसऱ्या वर्षीं, सुदानांतील खार्टूम शहरीं वेढ्यांत सांपडलेल्या जनरल गॉर्डन यांच्या सुटकेसाठीं ब्रिटिश फौज निघाली, तिच्याबरोबर दुभाषी म्हणून झैदान गेले व सुमारें दहा महिने त्या मोहिमेंत राहिले. फौज पोहोंचण्यापूर्वींच जानेवारी १८८५ मध्यें खार्टूम पडलें. वाळवंटांतील कूच, छावणी आणि हार त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली, आणि पुढें सुदानच्या या बंडावर त्यांनीं एक कादंबरीही लिहिली.

मोहिमेहून परतल्यावर ते बैरूतला गेले व हिब्रू आणि सिरियाक या अरबीच्या भगिनीभाषांचा त्यांनीं अभ्यास केला. अरबी शब्दांच्या घडणीवरील त्यांचा पहिला ग्रंथ १८८६ सालीं बाहेर पडला. त्याच वर्षीं ते लंडनला गेले व ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयांत पौर्वात्य विद्येचे जुने ग्रंथ त्यांनीं पाहिले. ज्या मुलाला केवळ जमाखर्च लिहिण्यापुरतें शिकविलें होतें, तो पंचविशीच्या आंत अनेक भाषांचा जाणता झाला होता. आणि त्याच्याजवळ वैद्यकाची पदवी नव्हती कीं कोणाचा आश्रयही नव्हता.

कैरोला परत आल्यावर कांहीं काळ सर्रूफ यांच्या मासिकाच्या कचेरींत आणि नंतर कांहीं काळ एका शाळेंत अरबीचा शिक्षक म्हणून त्यांनीं काम केलें. या काळांत इजिप्तच्या अर्वाचीन इतिहासाचे दोन भाग त्यांनीं १८८९ सालीं प्रसिद्ध केले. १८९१ सालीं त्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी बाहेर पडली. मामलूक सरदारांच्या कत्तलींतून निसटलेल्या एका परागंदा मामलुकाची ती कथा होती. ती लोकांना अतिशय आवडली. त्याच वर्षीं त्यांचा विवाह झाला. आतां त्यांनीं शिक्षकाची नोकरी सोडली, स्वतःचा छापखाना चालविला, आणि सप्टेंबर १८९२ मध्यें 'अल्-हिलाल' म्हणजे 'चंद्रकोर' या नांवाचें नियतकालिक सुरू केलें.

'अल्-हिलाल' ही झैदान यांची खरी शाळा होय. आरंभीं त्यांतील बहुतेक मजकूर ते स्वतःच लिहीत. थोर पुरुषांचीं चरित्रें, शास्त्रीय लेख, वाचकांच्या प्रश्नांचीं उत्तरें, नव्या पुस्तकांचें परीक्षण, महिन्याच्या घडामोडी आणि कादंबरीचें एक प्रकरण, असा त्यांतील विषयांचा क्रम असे. धर्मपंथांचे आणि राजकारणाचे तंटे ते आपल्या पानांपासून शक्य तों दूर ठेवीत. त्या काळच्या अरबी गद्यांत यमकें जुळविण्याची व अवघड शब्द पेरण्याची हौस फार होती. झैदान यांनीं ती रीत सोडली व सामान्य शिक्षण झालेल्या माणसाला कोशावांचून समजेल अशी सरळ भाषा पत्करली. इजिप्त व सीरिया यांप्रमाणेंच अमेरिकेंत जाऊन राहिलेल्या सीरियन लोकांतही त्यांचे वाचक होते.

त्यांच्या कादंबऱ्यांची रचना कशी असे हें सांगणें अवश्य आहे, कारण त्यांतच त्यांचा शिक्षकी पेशा दिसून येतो. दोन राजवंश, दोन पंथ किंवा दोन सैन्यें एकमेकांसमोर उभीं ठाकलीं आहेत असा इतिहासांतील एखादा आणीबाणीचा काळ ते निवडीत. त्या काळचे खलिफा, सेनापति व वजीर हीं खरीं माणसें घेत, आणि त्यांच्यामध्यें एखादी कल्पित तरुण जोडी सोडून देत. गुप्त पत्रें, वेषांतरें, मठांतील आश्रय, चुकामूक व पुनर्भेट अशा मार्गांनीं ती जोडी वाचकाला राजवाड्यांत नेई, रणांगणावर नेई, बाजारांत फिरवी. आणि कथा संपेपर्यंत त्या काळचा पोषाख, चलन, रस्ते, राज्यव्यवस्था यांचें ज्ञान वाचकाला नकळत होऊन जाई. ज्या बखरींचा आधार घेतला त्यांचीं नांवें ते देत. क्वचित् पानाखालीं टीपही देत. पाश्चात्य कादंबरीकार कथेच्या सोयीसाठीं इतिहास वांकवितात, आपण मात्र इतिहासाच्या सोयीनें कथा वांकवितों, अशा आशयाचा खुलासा त्यांनीं एका प्रस्तावनेंत केला आहे. कादंबरीचें प्रकरण प्रथम 'अल्-हिलाल'मध्यें येई व मग पुस्तक निघे. या रीतीनें १८९१ ते १९१४ या काळांत त्यांनीं २२ ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या.

त्यांतील बहुतेक मध्ययुगांतील आहेत. एकींत सातव्या शतकांतील अरबांचा इजिप्तवरील विजय असून तिची नायिका अर्मानूसा ही कॉप्ट ख्रिस्ती कन्या आहे. दुसरींत ७११ सालीं तारिकनें समुद्र ओलांडून स्पेनमध्यें पाय ठेवला तो प्रसंग आहे. तिसरींत ७३२ सालच्या फ्रान्समधील लढाईची कथा असून, चार्ल्स मार्टेल आणि अब्दुर्रहमान हे दोन्ही बाजूंचे सेनापति कादंबरीच्या नांवांतच एकत्र आले आहेत. हारून-अल्-रशीद याची बहीण अब्बासा आणि वजीर जाफर बर्मकी यांच्या कथेवर एक कादंबरी आहे. सलाहुद्दीनच्या जीवावर उठलेल्या हशाशीन पंथाच्या कारस्थानांवर एक आहे. आणि गुलाम म्हणून विकली गेलेली असूनही १२५० सालीं इजिप्तच्या गादीवर बसलेल्या शजरतुद्दुर या राणीवर त्यांची अखेरची, १९१४ सालची कादंबरी आहे. या कथांचीं फारसी, तुर्की इत्यादि भाषांत रूपांतरें झालीं. मुसलमान, ख्रिस्ती, अरब, इराणी, तुर्क अशा सर्वांना त्यांत जागा आहे. शौर्य आणि कपट हीं दोन्ही बाजूंस आढळतात.

कादंबरीबरोबर गंभीर इतिहासलेखनही चालूच होतें. १९०२ ते १९०६ या काळांत त्यांनीं इस्लामी संस्कृतीचा इतिहास पांच भागांत प्रसिद्ध केला. लढाया व राजांची जंत्री यांवर न थांबतां करपद्धति, सैन्य, व्यापार, शास्त्रें, कौटुंबिक रीतिरिवाज यांची माहिती त्यांत एकत्र केली होती. ऑक्सफर्डचे प्रसिद्ध प्राध्यापक मार्गोलियथ यांनीं त्याच्या चवथ्या भागाचें १९०७ सालीं इंग्रजींत भाषांतर केलें. खाणावळींतील मुलाचें पुस्तक आतां प्राध्यापक भाषांतरित करूं लागले होते.

अशा स्थितींत १९१० साल उजाडलें. दोन वर्षांपूर्वीं कैरोंत लोकांच्या देणग्यांतून इजिप्शियन विद्यापीठ स्थापन झालें होतें. त्या विद्यापीठानें इस्लामच्या इतिहासावर व्याख्यानें देण्यासाठीं झैदान यांस निमंत्रण दिलें. वयाच्या एकुणपन्नासाव्या वर्षीं, आणि तेंही पदवी नसतां, हा मान मिळाला. झैदान यांनीं मोठ्या उमेदीनें व्याख्यानांची तयारी केली. परंतु ही बातमी पसरतांच विरोध सुरू झाला. ख्रिस्ती मनुष्यानें मुसलमान विद्यार्थ्यांना इस्लामचा इतिहास शिकवावा, ही गोष्ट लोकांना रुचणार नाहीं, या भीतीनें चालकांनीं पहिलें व्याख्यान होण्यापूर्वींच निमंत्रण मागें घेतलें. विशेष हें कीं, त्याच सुमारास इटलीचे नालिनो यांच्यासारखे ख्रिस्ती पंडित त्याच विद्यापीठांत अरबी ज्योतिषाच्या इतिहासावर व्याख्यानें देत होते. दूरचा परका चालला. जवळचा परका चालला नाहीं. इजिप्तमध्यें येऊन राहिलेल्या सीरियन लोकांना तेथील कांहीं मंडळी घुसखोर म्हणत असत. पंचवीस वर्षांहून अधिक काळ त्या देशांत राबलेल्या या लेखकालाही तो डाग पुसतां आला नव्हता. त्यांनीं ही हकीकत बैरूतला शिकत असलेल्या एमिलला पत्रानें कळविली.

एकदां ख्रिस्ती चालकांनीं दार लावलें, एकदां मुसलमान लोकमताच्या भयानें लागलें. पहिल्या वेळीं झैदान वीस-एकवीस वर्षांचे होते, दुसऱ्या वेळीं त्यांचें सर्व आयुष्य त्या विषयांत गेलें होतें. म्हणून दुसरा घाव अधिक खोल असला पाहिजे. परंतु त्यांनीं या अपमानाचें भांडवल केलें नाहीं. 'अल्-हिलाल' ठरल्या वेळीं निघत राहिलें, कादंबऱ्या लिहिल्या जात राहिल्या, आणि १९११ सालीं त्यांच्या अरबी वाङ्मयाच्या इतिहासाचा पहिला भाग बाहेर पडला. असे चार भाग १९१४ पर्यंत पुरे झाले. ज्यांना वर्गांत शिकविण्याची मनाई झाली, त्यांचीं पुस्तकें वर्गाबाहेरील हजारोंच्या हातीं पडलीं.

त्यांच्यावर टीकाही झाली, आणि ती सर्वच द्वेषमूलक नव्हती. आपल्या देशांतील थोर विद्वान् शिबली नोमानी यांनीं १९१२ सालीं झैदान यांच्या संस्कृतीच्या इतिहासावर अरबींत एक खंडनग्रंथ लिहिला. उमय्यद खलिफांविषयीं झैदान यांनीं पक्षपातानें लिहिलें, मूळ ग्रंथांतील वचनें सोयीप्रमाणें निवडलीं, असा त्यांचा आक्षेप होता. कादंबऱ्यांवरही आक्षेप आहेत. त्यांतील सुष्ट पात्रें पूर्ण सुष्ट, दुष्ट तीं पूर्ण दुष्ट. योगायोगांची तर रेलचेल. अब्बासा आणि जाफर यांची कथा तर, चवदाव्या शतकांतील इतिहासकार इब्न खल्दून यानें पूर्वींच असंभाव्य ठरविली होती. तरी झैदान यांनीं ती कादंबरीसाठीं उचलली. तेव्हां इतिहासाला धरून चालण्याची त्यांची प्रतिज्ञा सर्वत्र सिद्धीस गेली असें आम्हांस म्हणवत नाहीं. पण आधारांचीं नांवें देण्याची त्यांची संवयच येथें त्यांच्या टीकाकारांच्या उपयोगी पडली, हेंही सांगितलें पाहिजे. जो लेखक आपल्या चुका शोधण्याचें साधन वाचकाच्या हातीं देतो, तो लबाडी करीत नाहीं. शिबली यांनींही त्यांचा धर्म पुढें करून तोंड फिरविलें नाहीं. ग्रंथाला ग्रंथानें उत्तर दिलें. विद्वानांचा वाद असाच असावा. दोघेही एकाच वर्षीं, १९१४ सालीं, निवर्तले.

झैदान यांचा अंत कैरो येथें २१ जुलै १९१४ रोजीं अकस्मात् झाला. त्यांचें वय त्या वेळीं अवघें ५२ वर्षांचें होतें. एमिल आणि शुक्री या मुलांनीं वडिलांचें कार्य पुढें चालवून त्या नियतकालिकाभोंवतीं मोठी प्रकाशनसंस्था उभारली, आणि 'अल्-हिलाल'नें शंभरी ओलांडली.

या चरित्रापासून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पालकांस आमची विनंती कीं, मूल ऐतिहासिक कादंबरींत गढून गेलेलें दिसलें तर त्यास रागावूं नये; मात्र तें पुस्तक संपल्यावर त्या काळाचा साधा इतिहासही त्याच्या हातीं द्यावा व दोहोंत काय जुळतें, काय जुळत नाहीं, हें त्यास शोधावयास सांगावें. विद्यार्थ्यांस आमचें सांगणें असें कीं, दुसऱ्याच्या धर्माचा व दुसऱ्या लोकांचा इतिहास कष्टानें आणि आदरानें अभ्यासणारा मनुष्य चुकला तर त्याची चूक दाखवावी, पण तो अमक्या जातीचा किंवा अमक्या गांवचा म्हणून त्याला वर्गाबाहेर घालवूं नये. आणि तुमच्यापैकीं कोणावर तसा प्रसंग आलाच, तर बंद दारासमोर बसून राहूं नका. खाणावळींत रात्रीं उघडलेलें पुस्तक या माणसानें अखेरपर्यंत मिटलें नाहीं, आणि त्याच बळावर आसनावांचून तो एका सबंध भाषेचा आचार्य झाला.